बटण दाबलं अन् कीबोर्ड मुका झाला!

रात्री अकरा वाजता हॉस्टेलच्या एखाद्या रूममधून ‘अबे, चालून राह्यला बे!’ अशी आरोळी आली की समजावं, कोणाचा तरी मिनी प्रोजेक्ट पहिल्यांदा रन झाला. आमच्या रूममधूनही एकदा अशी आरोळी आली होती. जावा स्विंगमध्ये केलेला साधा खेळ. वरून कापसाची बोंडं पडतात, खाली टोपली. डाव्या-उजव्या बाणाने टोपली सरकवायची, भरली की स्पेसबार दाबून रिकामी करायची. वऱ्हाडातल्या पोराला दुसरं काय सुचणार? खिडकीच्या तळाशी ‘नवा खेळ’ आणि ‘थांबा’ ही बटणं, आणि माऊसवाल्यांसाठी ‘डावे’, ‘उजवे’ अशी आणखी दोन.

रूम पार्टनर खेळायला बसला. त्याने माऊसने ‘नवा खेळ’ दाबलं अन् मग बाण दाबला. टोपली ढिम्म! ‘काऊन बे, हालून नाही राह्यली?’ म्हणत त्याने वैतागून स्पेसबार दाबला, तर सगळे गुण पुसून नवाच खेळ सुरू. माझी आरोळी घशातच राहिली.

असं का होतं? खिडकीत कितीही घटक असले तरी दाबलेली कळ आधी एकाच घटकाकडे जाते. ज्याच्याकडे ‘फोकस’ आहे, त्याच्याकडे. खेळ उघडताना मी फोकस पॅनलला दिला होता, म्हणून माझ्या हातून बाण व्यवस्थित चालत होते. माऊसने बटण दाबताच फोकस बटणाकडे गेला. पॅनलवरचा कीलिसनर बिचारा कान टवकारून बसलेला, पण त्याच्यापर्यंत काही येईचना. बटणाला बाणाचं काही देणंघेणं नाही. स्पेसबार मात्र त्याला कळतो. स्पेसबार म्हणजे ‘मला दाबलं’. म्हणून खेळ पुन्हा सुरू!

मग सिनियरने सांगितलेलं मलम लावलं. प्रत्येक बटणाच्या कोडच्या शेवटी रिक्वेस्ट-फोकस-इन-विंडो. चार बटणं, चार ठिकाणी तीच ओळ. नंतर कोणीतरी त्याहून सोपा उपाय सांगितला: बटणांचं सेट-फोकसेबल फॉल्स करून टाक, म्हणजे ती फोकस घेणारच नाहीत. केलं. प्रॅक्टिकलला खेळ झकास चालला, गुणही चांगले मिळाले. विषय संपला असं वाटलं.

तो संपला नव्हता हे कळलं अकोल्याला. दिवाळीच्या सुट्टीत बडनेऱ्याहून गाडी धरली, काकांकडे गेलो आणि मोठ्या तोऱ्यात त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळ टाकला. त्या कॉम्प्युटरचा माऊस बंद पडलेला. चुलत भाऊ टॅब दाबत बसला. एकाही बटणावर काही जाईना, कारण मीच ती दारं बंद केली होती. ‘दादा, हा सुरू कुठून होते?’ त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अमरावतीत कीबोर्ड वाचवायला जे केलं, त्यानेच अकोल्यात कीबोर्डवाल्याला बाहेर ठेवलं. आणि माऊस फक्त बिघडतोच असं नाही. ज्यांच्या हाताला माऊस धरता येत नाही, ज्यांना पडद्यावरचा बाण दिसत नाही, त्यांच्यापैकी अनेकांचा कारभार कीबोर्डवरच चालतो.

माझं मत असं की चूक फोकसची नव्हतीच. ‘टोपली डावीकडे’ ही क्रिया मी कळीच्या कोडमध्ये एकदा आणि बटणाच्या कोडमध्ये दुसऱ्यांदा लिहिली होती. क्रिया एकच हवी. कळ आणि बटण ही तिच्याकडे जाणारी दोन दारं. स्विंगमध्ये यासाठी इनपुटमॅप आणि अ‍ॅक्शनमॅप आहेत, तेही जावा १.३ पासून, म्हणजे २००० सालापासून! ‘खिडकी चालू असेल तेव्हा’ या प्रकारात बाण बांधला की फोकस कोणत्याही बटणावर असो, बाण खेळापर्यंत पोचतो. सी-शार्पच्या फॉर्ममध्येही हेच दुखणं आहे; तिथे प्रोसेस-सीएमडी-की वापरतात.

पण स्पेसबार? फोकस असलेल्या बटणाचा त्यावर पहिला हक्क असतो, आणि तो हक्क हिरावू नये. मी टोपली रिकामी करायला खालचा बाण घेतला. भांडण मिटलं.

आणखी दोन गोष्टी. कळ दाबून धरली की ऑपरेटिंग सिस्टिम आधी एकदा कळवते, मग क्षणभर थांबते, मग भराभर कळवत सुटते. म्हणून टोपली आधी अडखळते. त्यावर विसंबू नका. कळ दाबली की एक खूण ‘खरी’ करा, सोडली की ‘खोटी’, आणि टोपली हलवायचं काम टायमरवर सोपवा. ‘डावे’, ‘उजवे’ बटणांचंही तसंच. अ‍ॅक्शनलिसनर बटण सोडल्यावर जागा होतो; बटणाच्या मॉडेलला ‘आत्ता दाबलेलं आहे का’ असं विचारलं की माऊस आणि स्पेसबार दोन्ही सांभाळले जातात. दुसरी गोष्ट, वॉर्डन सर आले म्हणून बाण दाबलेला असतानाच ऑल्ट-टॅब मारलं, तर कळ सोडल्याची बातमी खेळाला मिळतच नाही. परत येऊन बघाल तर टोपली भिंतीला डोकं टेकून उभी! खिडकीचा फोकस गेला की सगळ्या खुणा खोट्या करून टाका.

हे सगळं मिळून पन्नासेक ओळींचं काम. अवघड काहीच नाही. पण आपण ‘चाललं ना, मग हात लावू नको’ म्हणतो, सिनियरची ओळ चिकटवतो आणि झोपतो. ती ओळ कोणासाठी दार उघडते अन् कोणासाठी बंद करते, हे विचारत नाही.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. प्रोजेक्टच्या डेमोला पाच मिनिटं माऊस काढून घ्या. नंतर पाच मिनिटं कीबोर्ड. दोन्ही वेळा जो चालेल, त्याला पूर्ण गुण द्या. पहिल्या वर्षी आरडाओरडा होईल, मीही केला असता. पण पुढच्या वर्षीच्या पोरांचे खेळ त्यांच्या घरच्यांना खेळता येतील.

माझा आता येतो. अकोल्याचा हायस्कोर भावाच्या नावावर आहे, तोही माऊसशिवाय!