टाळ्यांनी देणे फिटत नाही

२३ सप्टेंबर २०१४ रोजी न्यूयॉर्क येथे, संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवामान परिषदेत, मार्शल बेटांच्या कवयित्री कॅथी जेटनिल-किजिनर यांनी आपल्या तान्ह्या मुलीला उद्देशून लिहिलेली कविता वाचली. जगाचे सत्ताधीश उठून उभे राहिले, त्यांनी टाळ्या वाजविल्या. आणि त्यांच्या देशांत कोळसा व तेल पूर्ववत जळत राहिले.

यावरून आमचे काही मित्र असा निष्कर्ष काढतात की, कविता हा सुखवस्तूंचा विरंगुळा होय. समुद्र काही तिने ओसरत नाही. पण समुद्र अहवालानेही ओसरत नाही! १९०० पासून सागराची पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, असे अहवाल सांगतो. समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर उंचीच्या बेटावर याचा अर्थ काय, हे त्या आकड्यातून कळत नाही. जमीन बुडण्याच्या कितीतरी आधी विहिरीचे पाणी खारट होते, नीरफणसाची झाडे वाळतात, माजुरोच्या किनाऱ्यावरील कबरी लाटा ओढून नेतात. पूर्वजांची कबर नुकसानभरपाईच्या कोणत्या रकान्यात बसवावयाची? रकान्याबाहेरचे हे दुःख बोलते करणे, हे कलेचे कार्य आहे.

आणि ती इतिहासही विसरू देत नाही. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने याच बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या; मानवजातीच्या हिताचे नाव सांगून बिकिनीवासीयांना घरातून उठविले. आज त्याच लोकांच्या उंबऱ्याशी समुद्र आला आहे. २०१८ साली या कवयित्रीने ग्रीनलंडच्या आका निविआना यांच्यासह तेथील वितळत्या हिमावर उभे राहून संयुक्त काव्य सादर केले. एकीचे हिम वितळते, दुसरीचे बेट बुडते. नफा मात्र तिसऱ्याच्याच तिजोरीत जातो!

२०२२ साली शर्म अल-शेख येथे हानिपूर्तीचा निधी मान्य झाला, पण तो श्रीमंतांच्या ऐच्छिक वर्गणीवर विसंबलेला. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याच्या भंगातून भरपाईचे दायित्व उद्भवू शकते. दान आणि देणे यांतील अंतर ते हेच.

म्हणून कार्यकर्त्यांनी ही कविता आपल्या शिबिरांत अवश्य वाचावी. मात्र वाचून झाल्यावर टाळ्या वाजवू नयेत. देणेकऱ्यांची नावे मोठ्याने घ्यावीत.