माझगावचे दोन सूर्य

हवाई छायाचित्रावर सावली चढवणे हे काम वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटते. विमानोड्डाणाच्या संगणकीय खेळासाठी किंवा शहराच्या त्रिमित प्रतिकृतीसाठी जमीन वरून टिपली जाते. ती सपाट दिसते म्हणून फोटोशॉप वा गिंपमध्ये वेगळा थर घेऊन टेकड्यांना आणि इमारतींना सावल्या दिल्या जातात. साहित्याच्या अभ्यासकाने यात लक्ष घालावे असे काय आहे? माझ्या मते पुष्कळ आहे. ‘वास्तवाचा आभास’ हा शब्दप्रयोग आपण वर्गात ज्या सैलपणे वापरतो, तो इथे अंशांत मोजता येतो.

माझगावचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या सात बेटांपैकी हे एक. इथल्या टेकडीवर किल्ला होता, तो सिद्दी याकूतखानाने १६९० मध्ये उद्ध्वस्त केला. आज भंडारवाड्याच्या त्या उंचवट्यावर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे आणि उद्यानाच्या पोटात जलाशय. पूर्वेला गोदी, जवळच म्हातारपाखाडीची जुनी घरे, मधूनमधून नवे मनोरे. थेट वरून पाहिले तर टेकडी उरतच नाही, नुसता हिरवा डाग उरतो. तिचे टेकडीपण सावलीवर अवलंबून असते.

मग ही सावली कोणत्या बाजूला पाडायची? उंचसखलपणा छायांकित करणाऱ्या बहुतेक प्रणालींत प्रकाश आधीच ठरलेला असतो: वायव्येकडून, क्षितिजापासून ४५ अंशांवरून. हा संकेत युरोपीय नकाशाकलेतून आला. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड इम्होफ यांच्यासारख्यांनी ती कला फार उंचीवर नेली. संकेतामागे कारणही आहे. प्रकाश वरून येतो असे आपला डोळा गृहीत धरतो. कागदाच्या खालच्या बाजूने उजेड आला की डोंगर दरीसारखा दिसू लागतो. नकाशापुरते मला हे मान्य आहे. नकाशा आकार समजावून सांगतो; आपण साक्षीदार असल्याचा दावा तो करत नाही.

छायाचित्र मात्र तो दावा करते. मुंबई साधारण १९ उत्तर अक्षांशावर आहे. इथे वायव्येला ४५ अंशांवर सूर्य दिसायचा, तर तो विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे ४५ अंश सरकायला हवा. तो सरकतो साडेतेवीस अंशांपर्यंत. म्हणजे तो प्रकाश माझगाववर वर्षातून एकदाही पडत नाही. शिवाय हवाई किंवा उपग्रहीय चित्र बहुधा कोरड्या महिन्यांतल्या सकाळचे असते. तेव्हा सूर्य आग्नेयेकडे असतो आणि इमारतींच्या सावल्या वायव्येला पडलेल्या असतात. त्या छायाचित्रातच मुरलेल्या असतात, पुसता पुसत नाहीत. त्यांच्यावर टेकडीची आग्नेयेकडे झुकणारी सावली चढवली, की एकाच माझगाववर दोन सूर्य उगवतात.

कोण लक्षात घेतो, असे कारागीर म्हणेल. पण बघणाऱ्याला चूक दाखवता आली नाही तरी चित्र खोटे वाटतेच. ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीत हरिभाऊ आपट्यांनी सारे कथन यमूच्या तोंडी ठेवले. जे तिला दिसले, कळले, त्याच उजेडात आपण वाचतो. मध्येच लेखकाने आपला स्वतंत्र दिवा लावला असता तर प्रसंग कदाचित अधिक ठळक झाले असते, आणि यमूवरचा आपला विश्वास गेला असता. असे दिवे लावणाऱ्या कादंबऱ्या मराठीत थोड्या नाहीत. असो.

सावलीच्या लांबीचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्याची सावली डिसेंबरच्या अखेरीस भर माध्यान्ही उत्तरेला सुमारे ९१ मीटर पसरते. सकाळी आणि सायंकाळी त्याहून कितीतरी लांब. जूनच्या अयनदिनी तीच सावली दक्षिणेला जेमतेम आठ मीटर. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, शून्य सावलीच्या दिवशी, माध्यान्ही ती जवळजवळ नाहीशीच होते. मनोऱ्याचे चित्र देखणे व्हावे म्हणून कारागीर सावली आखूड करतो, तेव्हा मनोऱ्याच्या उत्तरेकडच्या कौलांना तो न मिळणारे ऊन बहाल करतो. त्या कौलांखाली राहणाऱ्याला हिवाळ्यात ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते, हे नेमके ठाऊक असते. चित्रातून नेमके तेच वगळले जाते. मला यात सौंदर्यदृष्टीपेक्षा सोयच अधिक दिसते.

रंगाचेही तसेच. सावलीचा थर ‘मल्टिप्लाय’ करून त्यात काळा ओतण्याची सवय सार्वत्रिक आहे. खरी सावली काळी नसते. आकाशाचा उजेड तिच्यात उतरतो आणि ती निळसर होते. शंभर मीटर उंचीवरून आलेल्या सावलीची कडही करवतीने कापल्यासारखी नसते, मीटरभर विरघळते. कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. गोदीतल्या बुटक्या शेडची कड मात्र धारदारच राहिली पाहिजे. सगळीकडे सारखाच धूसरपणा देणारा हात उंची वाचतच नाही.

म्हणून सावलीला हात लावण्यापूर्वी मूळ छायाचित्राची तारीख आणि वेळ शोधावी, नाहीतर गोदीतल्या एखाद्या क्रेनच्या सावलीवरून सूर्याची दिशा काढावी. आषाढातल्या भरून आलेल्या दुपारी माझगाववर धड सावलीच नसते. टेकडी, गोदी, मनोरा आणि कौले एकाच राखाडी उजेडात असतात. त्या दुपारचे माझगाव या चित्रांत मी अजून पाहिलेले नाही.