विश्लेषण : घाटातली शर्यत कोण जिंकतो? सह्याद्रीतील टप्पा आणि नागऱ्याचा सपाट रस्ता

पुणे जिल्ह्यात १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत होत आहे. प्रोलॉग आणि चार टप्पे मिळून ४३७ किलोमीटरचे अंतर देशोदेशीचे सायकलपटू कापतील. त्यातला बुधवारचा, २१ जानेवारीचा दुसरा टप्पा पुण्याच्या लष्कर भागातून निघून भोर तालुक्यातील नसरापूरला संपतो. शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचा हा टप्पा किल्ल्यांच्या मुलखातला, चढ-उतारांचा आहे.

पुण्यापासून शेकडो किलोमीटर दूर, गोंदिया शहराला लागून असलेल्या नागऱ्यात डोंगर नाही. प्राचीन शिवमंदिर, धानाच्या बांध्या आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट जमीन, असे हे गाव. घाटातल्या शर्यतीशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न साहजिक आहे. घाटाचे गणित नीट समजून घेतले, तर हा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा निघतो.

टप्प्यांची शर्यत म्हणजे काय?

एका दिवसाच्या शर्यतीत जो आधी पोहोचला तो जिंकला. टप्प्यांच्या शर्यतीत रोजचा विजेता वेगळा आणि एकूण विजेता वेगळा असू शकतो. सर्व दिवसांच्या वेळेची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो अंतिम विजेता. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकणे शक्य असते. उलट, चार दिवस पुढे राहिलेला खेळाडू एका चढणीवर दोन मिनिटे गमावून सगळे घालवू शकतो.

'पुणे ग्रँड टूर' आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या '२.२' या श्रेणीत मोडते. यातला पहिला २ शर्यत अनेक दिवसांची असल्याचे सांगतो, तर दुसरा २ तिचा दर्जा सांगतो. अशा शर्यतीत मिळालेले गुण खेळाडूच्या आणि त्याच्या देशाच्या जागतिक क्रमवारीत धरले जातात. भारतीय खेळाडूंना हे गुण मिळवण्यासाठी एरवी परदेशी जावे लागते. ती संधी घरच्या रस्त्यावर मिळणे, ही या शर्यतीची खरी कमाई आहे.

सपाट रस्ता आणि घाट यांत फरक काय?

सपाट रस्त्यावर सायकलपटूचा मुख्य शत्रू हवा असते. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणूनच सगळे एकमेकांच्या मागे दाटीने चालतात. या मुख्य जत्थ्याला पेलोटॉन म्हणतात. पुढच्याच्या आडोशाला राहिल्याने मागच्याची साधारण एक तृतीयांश शक्ती वाचते. जत्थ्याच्या मधोमध असलेल्याची त्याहूनही जास्त वाचते. सपाटीवर एकटा पळालेला खेळाडू बहुतेक वेळा पकडला जातो, तो त्यामुळेच.

घाटात वेग उतरतो आणि हवेचा आडोसा फारसा कामाचा राहत नाही. तिथे शत्रू असतो तो स्वतःचा भार. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला बोरघाट हे त्याचे महाराष्ट्राला माहीत असलेले उदाहरण. घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला या शर्यतीत 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो. खोपोलीहून शिंग्रोबाच्या मंदिरावरून खंडाळ्यापर्यंत जाताना सुमारे ५०० मीटरची उंची गाठावी लागते.

हिशेब करून पाहू. खेळाडू आणि सायकल मिळून ७० किलो वजन आहे आणि केवळ उंची गाठण्यासाठी तो सलग ३०० वॅट शक्ती लावतो, असे धरले तर ५०० मीटर चढायला साधारण १९ मिनिटे लागतात. तेवढीच शक्ती लावणाऱ्या पण ५ किलो जास्त वजनाच्या खेळाडूला सव्वा मिनिटाहून अधिक जादा वेळ लागतो. एका किलोची किंमत साधारण १६ सेकंद. नियमानुसार सायकलचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असून चालत नाही, त्यामुळे महागडी सायकल घेऊन फार काही वाचवता येत नाही. फरक पडतो तो शरीराच्या वजनाच्या तुलनेत किती शक्ती आहे यातून, आणि ती शक्ती किती जपून खर्च केली यातून.

बुधवारच्या टप्प्यात निकाल कुठे लागेल?

आल्प्समध्ये एकेक चढण तासभराची असते. फ्रान्समधील 'आल्प द्युएझ' हा प्रसिद्ध घाट १३.८ किलोमीटर लांब आहे. त्यात २१ नागमोडी वळणे आहेत आणि सरासरी चढ आठ टक्क्यांचा आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर. तिथे हलका, चिवट चढाईबहाद्दर एकटाच पुढे निघून जाऊ शकतो.

पुण्याच्या दक्षिणेचा प्रदेश तसा नाही. पुणे स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथले चढ आखूड आहेत, काही ठिकाणी अचानक उभे होतात आणि लगेच उतार येतो. अशा रस्त्यावर शर्यत एका घावात तुटत नाही, ती झिजत जाते. प्रत्येक चढाला मागचे पाच-दहा जण सुटतात आणि शेवटी तीस-चाळीस जणांचा गट उरतो. त्यामुळे नसरापूरला एकटा चढाईबहाद्दर पोहोचण्याची शक्यता कमी वाटते. चढ सोसूनही पाय शाबूत ठेवणारा वेगवान खेळाडू छोट्या गटातून जिंकण्याची शक्यता अधिक आहे.

म्हणून पाहणाऱ्याने फक्त सर्वांत पुढच्याकडे पाहू नये. चढाच्या आधी कोणता संघ रांग लावून पुढे येतो, हे पाहावे. अरुंद रस्त्यावर चढ सुरू होताना जो चाळिसाव्या जागी असतो, त्याला पुढच्यांनी केलेली प्रत्येक ढिलाई दुपटीने भरून काढावी लागते. संघातले 'पाणके' खेळाडू मागच्या गाडीतून बाटल्या आणून देतात, वारा अंगावर घेतात आणि शेवटच्या चढाआधी बाजूला होतात. त्यांचे नाव निकालात खाली दिसते, पण पहिल्याचा निकाल त्यांनीच घडवलेला असतो.

सर्वांत शेवटी येणाऱ्यांचीही एक शर्यत असते. विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के वाढवून मुदत ठरते. त्यानंतर येणारा खेळाडू दुसऱ्या दिवशी बाद. म्हणून मागे पडलेले खेळाडू, वेगवेगळ्या संघांचे असले तरी, एकत्र येऊन आळीपाळीने पुढे राहतात आणि मुदत गाठतात.

उतार सोपा असतो का?

नाही. चढावर दम लागतो, उतारावर जीव पणाला लागतो. घाट उतरताना सायकलचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. अंगावर असते ते पातळ कापड आणि डोक्यावर हेल्मेट. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या शर्यतीत जिनो मेडर हा नावाजलेला खेळाडू अल्बुला घाट उतरताना दरीत कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. वय अवघे २६ वर्षे.

त्यामुळे उतारावरचा खडीचा एक थर, एक खड्डा किंवा आडवा आलेला कुत्रा ही संयोजकांसाठी किरकोळ बाब नसते. पुणे जिल्ह्यात या शर्यतीसाठी मार्गावरचे रस्ते नव्याने डांबरी करण्यात आले, ते आवश्यकच होते. रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकांनीही मोबाइल धरलेला हात रस्त्यावर न काढणे, लहान मुले आणि जनावरे आवरणे, एवढे पथ्य पाळायला हवे.

सपाट गावातला खेळाडू घाटात टिकू शकतो का?

घाट चढायला घाटातच जन्म घ्यावा लागतो, असा एक समज आहे. जागतिक सायकलिंगने तो खोटा ठरवला आहे. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे 'तूर द फ्रान्स' जिंकणारा योनास विंगेगार्ड डेन्मार्कचा आहे. त्याच्या देशातले सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १७१ मीटर उंचीवर आहे. गोंदियाची सपाट भूमीही त्याहून उंच, सुमारे ३०० मीटरवर आहे. व्यावसायिक खेळाडू होण्याआधी तो मासळीच्या कारखान्यात काम करत होता.

घरचे उदाहरणही आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत १२ दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली. रॉकी आणि अपलाचियन या पर्वतरांगा ओलांडून जाणारी ही शर्यत आहे. पुढच्या वर्षी त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे नऊ हजार किलोमीटरहून अधिक अंतर पार केले. ही दीर्घ पल्ल्याची शर्यत आणि पुण्यातली वेगाची शर्यत यांचा प्रकार वेगळा आहे. पण विदर्भाच्या सपाटीवर घडलेले पाय पर्वत चढू शकतात, एवढे त्यातून नक्कीच सिद्ध होते.

याचे कारण वर सांगितलेल्या गणितातच आहे. घाट मागतो तो वजनाच्या प्रमाणात शक्ती आणि ती बराच वेळ टिकवण्याची सवय. ही सवय समोरून येणाऱ्या वाऱ्यात, जड गिअरवर, सपाट रस्त्यावरही लावता येते. प्रत्यक्ष चढाचा सराव हवा असेल, तर गोंदिया जिल्ह्यातच सालेकसा तालुक्यातील दरेकसा, कचारगड, हाजरा धबधब्याचा डोंगराळ भाग आहे. खाण्याचाही प्रश्न नाही. युरोपातले नामांकित संघ शर्यतीत खेळाडूंच्या खिशात भाताच्या वड्या देतात, आणि गोंदियाची ओळखच धानाचा जिल्हा अशी आहे.

मग अडते कुठे?

अडते ते रस्त्यावर. डेन्मार्कमध्ये डोंगर नाहीत, पण मुलांना वेगळी सायकलवाट आहे आणि सरावाला गावोगावी क्लब आहेत. तिथे मूल शाळेत जाता-जाताच सायकलपटू होते. गोंदिया जिल्ह्यातही शाळेत सायकलने जाणाऱ्यांची वानवा नाही. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देण्याची योजना आहे आणि गोंदिया जिल्हा त्यात समाविष्ट आहे. म्हणजे सायकल सरकारने दिली. ती चालवायला सुरक्षित कडा मात्र दिली नाही. नागऱ्यासारख्या, शहराजवळच्या मोठ्या रस्त्यावरील गावातून निघालेल्या मुलीला ट्रक आणि बसच्या शेजारूनच जावे लागते. तिला वेगाने सायकल चालवायला सांगणे कोणत्याही पालकाला जमणार नाही.

पुण्यातील शर्यतीवर झालेला खर्च वायफळ आहे, असा याचा अर्थ नाही. मोठी शर्यत डोळ्यांसमोर झाल्याशिवाय खेळाची ओढ लागत नाही. पण शर्यतीसाठी शेकडो किलोमीटरचे रस्ते ठरलेल्या तारखेआधी गुळगुळीत होऊ शकतात, हे आता सिद्ध झाले आहे. तेव्हा 'होत नाही' हे उत्तर इतर जिल्ह्यांना देता येणार नाही.

काय करता येईल?

मागणी मोठी नाही. गावातून शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याला डांबरी, सपाट कडा आणि पांढरी रेघ द्यावी. महिन्यातून एका रविवारी सकाळी दोन तास एखादा कमी वर्दळीचा रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून शाळकरी मुला-मुलींची वेळ मोजावी. वर्षातून एकदा दरेकसाच्या चढावर जिल्ह्याची घाट-चाचणी घ्यावी. त्यासाठी महाग सायकल लागत नाही. घड्याळ, वजनकाटा, रुग्णवाहिका आणि वळणावळणावर उभे राहणारे स्वयंसेवक लागतात. जिल्हा क्रीडा विभाग, शाळा आणि ग्रामपंचायती मिळून हे करू शकतात.

बुधवारी नसरापूरच्या रस्त्यावर जत्था चढाला लागेल, तेव्हा नागऱ्यातली एखादी नववीतली मुलगी मोबाइलवर ते पाहत असेल. तिची सायकल दाराशी उभी असेल. ती किती वेगाने चढू शकते, हे तिलाही माहीत नाही, कारण आजवर कुणी मोजलेच नाही.