मुसळीचे फूल आणि मुसळीचे बेणे

कोरडवाहू शेतकऱ्याने मुंबई पाहिलेली असो वा नसो, तिथले चेंबूर त्याला दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक म्हणजे सुफलाचे पोते. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना चेंबूरला आहे. दुसरी म्हणजे शेजारच्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून निघालेले बियाणे. टीएजी-२४ भुईमूग तिथला, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला टीएयू-१ उडीदही तिथलाच. आपल्यापैकी किती तरी जणांनी कपाशीच्या नुकसानीचे भगदाड या उडदाने बुजवले आहे.

तिसरी गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. पहिला जोराचा पाऊस होऊन आठवडा झाला की चेंबूर स्टेशनच्या बाजारात रानभाज्यांच्या पाट्या येतात. कर्जत, शहापूरकडच्या ठाकर-कातकरी बाया पहाटेच्या गाडीने त्या घेऊन येतात. त्यात गवतासारख्या लांब पात्यांची, बुडाशी पांढरी अशी एक जुडी असते. कोणी तिला कुळू म्हणते, कोणी कुली, कोणी फोडशी. मुंबईची गृहिणी कांदा आणि मुगाची डाळ घालून ती परतते आणि पावसाळ्यातून एक-दोनदा खाऊन मोकळी होते. या नावाखाली एकाच कुळातल्या दोन-तीन वनस्पती खपतात. त्यातली एक म्हणजे सफेद मुसळी.

होय, तीच. नाव ऐकून ज्यांच्या पोटात गोळा आला असेल ते माझे गाववाले आहेत असे मी समजतो.

या मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. बोरिवलीवरून पडलेले. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात बोरिवलीच्या रानातल्या या झाडाचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. जे पीक विदर्भाच्या आणि खानदेशच्या शिवारात ‘पांढरे सोने’ म्हणून आणले गेले, त्याच्या नावात मुंबईच्या उपनगराचे स्टेशन आहे. हे सांगणारा एकही माहितीपत्रकवाला मला भेटला नाही.

आषाढात चेंबूरला काम निघाले तेव्हा एक सकाळ काढून मी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. कान्हेरीच्या लेण्यांकडे चढणाऱ्या रस्त्याने चालायचे आणि डोळे झाडांच्या शेंड्यांवर न ठेवता बुंध्यांपाशी ठेवायचे. २०२४ साली इथे कारवी फुलली होती. ती आठ वर्षांतून एकदा फुलते म्हणून अर्धी मुंबई पाहायला लोटली. मुसळी दर वर्षी फुलते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. मलाही तासभर काही दिसले नाही. मग उताराच्या कडेला, सागाच्या विरळ सावलीत, दगडांच्या बेचक्यात साचलेल्या पालापाचोळ्याच्या मातीत एक फुटभर उंचीचा दांडा दिसला. पाती सगळी जमिनीतून फुटलेली, मधूनच दांडा वर आलेला. दांड्यावर फुलांचे पुंजके, एकेका पुंजक्यात तीन. सहा पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळे केसर. खालची फुले उमललेली, वरच्या कळ्या मिटलेल्या. एक सापडल्यावर नजर बसली आणि त्याच उतारावर आणखी सात दिसली. त्यापलीकडे, जिथे उतार संपून सपाटी येते आणि पाणी तुंबते, तिथे एकही नव्हते.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. पाणी तुंबते तिथे एकही नव्हते.

आता मुसळीच्या हवेची गोष्ट. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे सहा-सात वर्षे ही हवा चालली. एकाधिकार खरेदीत कापसाचे पैसे महिनोनमहिने अडकत होते, बोंडअळीने औषधाचा खर्च उत्पन्नावर नेला होता. शेतकरी दुसरे काही तरी शोधतच होता. २००० साली दिल्लीत राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ निघाले आणि त्याने अग्रक्रम दिलेल्या ३२ वनस्पतींत सफेद मुसळीचे नाव आले. सरकारी शिक्का बसल्यावर काय विचारता! तालुक्याच्या हॉटेलात सभा, पडद्यावर पांढऱ्या मुळांचे ढीग, परत खरेदीचा करार, आणि वाळल्या मुसळीचा किलोचा भाव चार आकड्यांत.

त्या सभेत कोणी कागदावर मांडायचे राहून गेलेले गणित असे. मुसळीचे बी कांद्याच्या बियांसारखे काळे आणि बारीक. ते उगवते फार कमी. म्हणून लागवड डोळ्यासकट मुळाने करावी लागते. फुटावर ओळ आणि सहा इंचांवर रोप धरले तर एकरात ८७ हजार रोपे बसतात. एक बेणे पाच ग्रॅमचे धरा. एकरी चार क्विंटल ३५ किलो बेणे झाले. बेण्याचा भाव किलोला ३०० रुपये धरा. एक लाख तीस हजार रुपये जमिनीत गाडल्यावर पहिला पाऊस पडायचा आहे. बेण्याच्या पाचपट ओले पीक निघाले असे माना. मुसळी सोलून वाळवली की साधारण पाचवा हिस्सा उरतो. म्हणजे चार क्विंटल ओले पेरायचे आणि चार क्विंटल वाळलेले घ्यायचे. वाफे, खोदणी, एकेक मूळ हाताने सोलणाऱ्या बायांची मजुरी आणि वर्षभराचे व्याज हे सगळे याच्या वर.

मग पहिल्या वर्षी पैसे कोणी केले? ज्यांनी केले त्यांनी मुसळी विकून केले नाहीत, बेणे विकून केले. या वर्षीच्या लागवडवाल्याचे पीक पुढच्या वर्षीच्या लागवडवाल्याला बेणे म्हणून जायचे. औषधाच्या कारखान्यापर्यंत माल पोचतच नव्हता. नवे लागवडवाले संपले त्या वर्षी बेण्याचा भाव कोसळला, आणि करारावर सही करणारे कार्यालय कुलूप लावून गेले. पुढे ईमूचे आणि कडकनाथ कोंबडीचे झाले तेही हेच. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने बैलजोडी विकून अर्धा एकर मुसळी लावली. ऑगस्टच्या झडीत काळ्या जमिनीत आठ दिवस पाणी राहिले आणि मुळे सडून गेली. कंपनीच्या माणसाने सांगितले, ‘तुम्ही शिफारशीप्रमाणे गादीवाफा केला नाही.’

बोरिवलीचा उतार ज्याने पाहिला असता त्याला हे सांगायला कंपनीचा माणूस लागला नसता. हे झाड निचऱ्याच्या जागेवर जगते, विरळ सावलीत जगते, पावसाळा संपला की पाती गळून जमिनीखाली निजते. खोल काळ्या कापसाच्या रानात त्याला बसवणे म्हणजे माशाला झाडावर चढवणे. ज्यांच्या मुरमाड, उताराच्या जमिनी आहेत त्यांनी बेणे बाजारभावाने न घेता घरी वाढवून थोडी मुसळी लावली आणि विकलीही. त्यांचे मी काही वाईट म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की कोणतेही नवे पीक दारात आले की त्याचे रानातले घर आधी बघून यावे. बियाण्याच्या पिशवीवर सगळे छापलेले असते, हे छापलेले नसते.

आणखी एक गोष्ट फक्त जागेवरच कळते. मुसळीच्या कुळातली दुसरी एक जात रानात हिच्याच शेजारी उगवते. पाती जवळजवळ तशीच. पण तिच्या गाठी दोऱ्यासारख्या बारीक मुळांच्या टोकांना लोंबतात, आणि खऱ्या सफेद मुसळीची जाड मुळे थेट गड्ड्यालाच चिकटलेली असतात. मेळघाटातल्या कोरकू बाईला हा फरक उपटताक्षणी कळतो. आपल्याला कळत नव्हता, म्हणून बेण्याच्या नावाखाली वाटेल ते खपले.

शहरातल्या निसर्गप्रेमी मंडळींचे यावर एक ठरलेले उत्तर असते: रान बंद करा, कुंपण घाला, आदिवासीला आणि शेतकऱ्याला बाहेर ठेवा. राष्ट्रीय उद्यानातून काही उपटू नये हे ठीकच आहे, कायदा आहे आणि तो पाळावा. पण मुसळी कमी झाली ती कुळूच्या भाजीने नाही. पात्यांची जुडी कापणारी बाई मूळ जमिनीत ठेवते, कारण पुढच्या वर्षी तिला तिथेच यायचे असते. मुळे खोदून नेणारा व्यापारी पाती पिवळी पडायची आणि बी गळायची वाट पाहत नाही. दुसऱ्या टोळीने आधी खोदू नये म्हणून तो पावसातच खोदतो. कच्चे मूळ, कमी वजन, कमी भाव, म्हणून आणखी खोदायचे. रानातल्या फुकटाच्या मालाशी लागवडीच्या मालाला स्पर्धा करावी लागते, आणि दोघेही बुडतात.

कायद्याने काय केले? २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या आणि लोकनोंदवह्या आणल्या. आपल्या किती ग्रामपंचायतींची वही गावाने भरली आणि किती वह्या तालुक्याला बसून भरल्या गेल्या, हे ज्याचे त्याने आठवावे. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना लाभवाटपाच्या कटकटीतून सवलत दिली. परवान्याचा एक खांब पडला याचा आनंद आहे. पण सवलतीसाठी माल लागवडीचाच आहे असा उगमाचा दाखला गावच्या समितीकडून लागतो. दाखला आला की दाखल्याचा भाव आला. ती समिती आपल्या माणसांच्या हाती नसेल तर रानातून चोरलेली मुसळी दाखल्यानिशी जाईल आणि शेतातली मुसळी दाखल्यावाचून पडून राहील.

मुसळी न लावणाऱ्यालाही रानातल्या झाडाशी देणेघेणे आहे. भेंडीच्या पिकाला केवडा रोगाने नको करून सोडले होते, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनी भेंडीचा संकर मॅनिहॉट या भेंडीच्या रानटी भावकीशी करून परभणी क्रांती काढली. रोगाला टक्कर देण्याचे बळ त्या रानटी भावकीकडून आले. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात, पिकांचे असे रानटी नातेवाईक सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला जीन फंडातून बक्षीस देण्याची तरतूद आहे. तुमच्या बांधावर काय उगवते हे तुम्हालाच ठाऊक नसेल तर ते कोणत्या तोंडाने मागणार?

इथे तणनाशकाचा विषय काढावाच लागतो, आणि काही जण रागावतील. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य आपण मागत आलो आहोत आणि मागत राहू. निंदणीला मजूर मिळत नसताना सरीत फवारा मारणाऱ्याला मी दोष देत नाही. पण पंपात उरलेले औषध बांधावर आणि नाल्याच्या काठावर मारून टाकी रिकामी करण्याची जी सवय लागली आहे, तिने रुपयाचाही फायदा होत नाही. तिथे मरते ते आपल्या पिकाचे तण नसते.

पाऊस लागल्यावर पंधरवड्याने, डवरणीला वाफसा नसेल त्या दिवशी, गायरानाच्या चढावर किंवा रानाच्या कडेने एक चक्कर मारा. सोबत गुराख्याला किंवा जुन्या बाईला घ्या, शिकलेल्या मुलाला वही द्या. पांढरे फूल दिसले तर उपटू नका. जागा लिहा: माती कोणती, उतार कुठे, सावली कोणाची, पाणी किती वेळ थांबते, गावात नाव काय. ती वही श्रावणातल्या जिल्हा बैठकीला आणा. मेळघाटाच्या पायथ्याची आणि अजिंठ्याच्या डोंगराकडची गावे आधी घेऊ, कारण तिथे मुसळीचा व्यापारी आजही फिरतो.