हिवाळी सत्राचा भार कोणावर?
दोन सत्रांच्या मध्ये तीन-चार आठवड्यांचे हिवाळी सत्र भरवण्याची कल्पना मोहक आहे, यात शंका नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७१ पासून जानेवारी महिना अशा मोकळ्या अध्ययनासाठी राखला जातो. महाराष्ट्रात मात्र अनेक महाविद्यालयांचा गाडा तासिका तत्त्वावरील अध्यापक ओढीत आहेत. त्यांना सुटीचे वेतन नाही. हे सत्र त्यांच्याच माथी मारून मानधनाचा प्रश्न ‘यथावकाश’ विचारार्थ ठेवला जाईल, ही भीती अनाठायी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी वर्षाला किमान ३० आठवडे प्रत्यक्ष अध्यापन ठरवून दिले. तेवढे उरकतानाच जेथे दमछाक होते, तेथे आधी रिक्त पदे भरावीत. हिवाळी सत्राचे वेळापत्रक मागाहून आखता येईल.