२३ लाखांत दुबई, सात कोटींत अमेरिका : ‘इन्व्हेस्टर व्हिसा’च्या जाहिरातीत न येणारा हिशेब

जुलै २०२५ मध्ये एक बातमी दोन दिवसांत गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. एक लाख दिरहम, म्हणजे साधारण २३ लाख रुपये भरा आणि संयुक्त अरब अमिरातीचा गोल्डन व्हिसा आयुष्यभरासाठी मिळवा, असं त्यात म्हटलं होतं. घर घ्यायला नको की धंदा काढायला नको. पण ८ जुलैला तिथल्या नागरिकत्व आणि ओळखपत्र प्राधिकरणानेच खुलासा केला की अशी कुठलीही योजना नाही, आणि अर्ज फक्त सरकारी मार्गानेच घेतले जातात. ज्या खासगी सल्लागार कंपनीच्या नावाने ही बातमी सुटली होती, तिने नंतर माफीही मागितली. बातमी ज्या वेगाने आली त्या वेगाने खुलासा मात्र पोचला नाही. ग्रामीण भागात तर तो फारच थोड्यांनी वाचला असेल.

खरा नियम वेगळाच आहे. मालमत्तेच्या आधारावर अमिरातीचा गोल्डन व्हिसा हवा असेल तर किमान २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. आपल्या रुपयात साडेचार-पाच कोटी. व्हिसा मिळतो तो दहा वर्षांचा, पुढे नूतनीकरण. त्याने नागरिकत्व मिळत नाही, फक्त राहण्याची परवानगी मिळते. २३ लाख आणि पावणेपाच कोटी यांच्यातलं अंतर लक्षात घेतलं तर अफवा कुणासाठी होती ते कळतं. पाच कोटींचा आकडा ऐकून माणूस पान उलटतो. २३ लाखांच्या आकड्यावर तो थांबतो, कारण तेवढे पैसे आता तालुक्याच्या ठिकाणीही बऱ्याच खात्यांत आहेत.

हा पैसा मुख्यतः जमिनीचा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून गेला. त्याशिवाय बाह्यवळण रस्ते, एमआयडीसी, रेल्वे यांसाठी संपादन झालं. मोबदला खात्यावर जमा झाला की आधी बँकवाले येतात, मग विमावाले, मग गाडीवाले. त्या रांगेत आता व्हिसावाल्यांची भर पडली आहे. ‘बिझनेस व्हिसा’, ‘इन्व्हेस्टर व्हिसा’, ‘स्टार्टअप व्हिसा’ हे तिन्ही शब्द जाहिरातीत एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात बहुतेक देशांत बिझनेस व्हिसा म्हणजे बैठका, प्रदर्शनं, सौदे यासाठी काही आठवडे जाण्याची सोय. त्यावर स्थायिक होता येत नाही. शब्दांची ही गल्लत प्रत्येक वेळी चुकून होते असं समजायचं कारण नाही.

दारं बंद होत चालली आहेत

दहा-बारा वर्षांपूर्वी श्रीमंत देश पैसेवाल्यांना बोलावत होते. आज चित्र उलटं आहे. ब्रिटनने २० लाख पौंडांचा गुंतवणूकदार व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये एका दिवसात बंद केला. ऑस्ट्रेलियाने व्यवसाय आणि गुंतवणुकीचा जुना कार्यक्रम जुलै २०२४ मध्ये गुंडाळला. पोर्तुगालने २०२३ मध्ये घरखरेदीवर मिळणारा गोल्डन व्हिसा थांबवला, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये ती योजनाच काढून टाकली. कारणं बहुतेक ठिकाणी सारखीच : घरांचे भाव स्थानिक लोकांच्या आवाक्याबाहेर गेले, आणि येणारा पैसा नेमका कुठला याची खात्री पटेना.

कॅनडाचं उदाहरण आपल्याकडच्यांना जास्त जवळचं. तिथला स्टार्टअप व्हिसा २०१३ पासून होता. मान्यताप्राप्त संस्थेने तुमच्या धंद्याला पाठिंब्याचं पत्र द्यायचं, त्यावर कुटुंबासह कायमचं वास्तव्य मागायचं, अशी पद्धत. एंजल गुंतवणूकदारांच्या गटाने किमान ७५ हजार कॅनेडियन डॉलर घालायचे, व्हेंचर फंड असेल तर दोन लाख. इनक्युबेटरकडून आलात तर मात्र गुंतवणुकीची किमान अटच नव्हती. तिथेच पाणी मुरलं. पाठिंब्याच्या पत्रांचाच बाजार झाला, अर्जांचा ढीग साचला. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने प्रत्येक संस्थेला वर्षाला दहाच प्रस्तावांची मर्यादा घातली. तरी रांग हलेना म्हणून २०२५ च्या अखेरीस नव्या अर्जांसाठी दार लावून घेतलं. रांगेत आधीपासून उभे असलेले उभेच आहेत. काही प्रांतांच्या स्वतःच्या उद्योजक योजना आहेत, पण त्यांच्या अटी वेगळ्या. एजंटने ‘कॅनडा स्टार्टअप’ म्हणून फाइल उघडायला पैसे मागितले तर तो नेमका कोणत्या योजनेबद्दल बोलतोय, हा पहिला प्रश्न.

अमेरिकेत ग्रामीण भागाला आरक्षण

अमेरिकेची ईबी-५ योजना १९९० पासूनची. २०२२ च्या सुधारणा कायद्यानंतर किमान गुंतवणूक १० लाख ५० हजार डॉलर, आणि ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात असेल तर आठ लाख डॉलर. रुपयात सात कोटींच्या आसपास. प्रकल्पाची प्रशासकीय फी आणि वकिलाची फी वेगळी. या पैशातून किमान दहा पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या राहिल्या पाहिजेत. मग आधी दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड, अटी पूर्ण झाल्याचं दाखवलं की कायमचं. पती किंवा पत्नी आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं त्यातच येतात.

या कायद्यात एक तरतूद अशी आहे की आपल्या तालुक्यातल्या माणसाला हेवा वाटावा. एकूण व्हिसांपैकी २० टक्के ग्रामीण भागातल्या प्रकल्पांसाठी राखीव आहेत. महानगर क्षेत्राच्या बाहेर आणि २० हजार किंवा जास्त वस्तीच्या गावाच्या हद्दीबाहेर, ही तिथली ग्रामीणची व्याख्या. म्हणजे अमेरिका आपल्या खेड्यांत पैसा यावा म्हणून परदेशी माणसाला व्हिसा देते, आणि तो पैसा उभा करण्यासाठी इकडचं खेडं आपली जमीन विकतं. सर्वसाधारण गटात भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची असल्याने एजंटही हाच ग्रामीण गट पुढे करतात.

इथे ग्राहक कोण, हेही पाहायला हवं. सात कोटी घेऊन स्वतः अमेरिकेत धंदा काढायला निघालेले आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बहुतेकदा मुलगा किंवा मुलगी तिकडे एमएस करून नोकरीला लागलेली असते. एच-१बीची लॉटरी लागत नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. मग घरी फोन येतो. पोराचं आयुष्य मार्गी लागत असेल तर जमीन काय कामाची, असं आई-वडील म्हणतात. त्यात चूक काही नाही. फक्त हा निर्णय फोनवर, घाईत, एजंटच्या कागदावर होऊ नये.

कारण खरी अडचण पैसा जमवण्यात नसून तो सिद्ध करण्यात आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं पैशाचा उगम विचारतं. सात वर्षांपर्यंतचे कर आणि व्यवसायाचे कागद मागितले जातात. आई-वडिलांनी बक्षीस दिलं असेल तर आई-वडिलांच्याही पैशाचा माग द्यावा लागतो. आता आपल्याकडची जमीन कशी विकली जाते ते सगळ्यांना माहीत आहे. खरेदीखतावर रेडीरेकनरच्या आसपासची रक्कम, उरलेली रोख. ती रोख सात कोटींच्या हिशेबात धरून चालत नाही, कारण तिला कागदच नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून अनेकांनी कधी रिटर्न भरलेलं नसतं. सातबाऱ्यावर चुलत्यांची, बहिणींची नावं असतात, फेरफार अडकलेला असतो. हक्कसोड पत्र झालं नसेल तर पैसा कुणाचा, इथूनच प्रश्न सुरू होतो. संपादनात गेलेल्या जमिनीचं त्या मानाने बरं : निवाड्याची प्रत आणि बँकेतली थेट जमा असते, त्यामुळे माग स्वच्छ असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गॅरंटी. ईबी-५ मध्ये पैसा जोखमीत असणं ही कायद्याचीच अट आहे. मुद्दल नक्की परत देऊ असा करार असेल तर अर्जच नाकारला जाऊ शकतो. म्हणून जो एजंट ‘पाच वर्षांत पैसे परत, गॅरंटी’ म्हणतो, तो एकतर खोटं बोलतोय किंवा तुमचा अर्ज धोक्यात घालतोय. व्हरमाँट राज्यातल्या जे पीक या स्की रिसॉर्टच्या नावाने साडेतीन अब्ज नव्हे, पण ३५ कोटी डॉलरच्या वर पैसा अनेक देशांतल्या लोकांकडून ईबी-५ मधून गोळा झाला होता. २०१६ मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकाने फसवणुकीचा खटला भरला, सूत्रधाराला पुढे तुरुंगवास झाला. ते प्रकरण खुद्द अमेरिकेतलं होतं.

ट्रम्प प्रशासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये आणलेलं ‘गोल्ड कार्ड’ ही आणखी वेगळी गोष्ट. त्यात दहा लाख डॉलर अमेरिकी सरकारला द्यायचे, शिवाय १५ हजार डॉलर प्रक्रिया शुल्क. ही गुंतवणूक नाही, देणगी आहे. परत काही मिळायचं नाही. आणि ज्या ‘ई-२’ व्हिसाचं नाव कमी पैशात होणारं काम म्हणून घेतलं जातं, तो करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारताचा तसा करार नाही.

पैसा बाहेर नेताना

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. आठ लाख डॉलर लागत असतील तर चार जणांच्या खात्यांतून किंवा दोघांच्या खात्यांतून दोन आर्थिक वर्षांत पाठवावे लागतात. जमीन एकट्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी घरातल्या घरात बक्षीसपत्र करून पैसा वाटावा लागतो, आणि त्याचाही कागद ठेवावा लागतो.

वर्षाला दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापून घेते. समजा एकाने सव्वादोन कोटी पाठवले, तर दहा लाख वगळून उरलेल्या दोन कोटी १५ लाखांवर ४३ लाख रुपये जागेवर जादा भरावे लागतात. हे पैसे बुडत नाहीत. रिटर्न भरून परत मिळतात किंवा कराच्या देण्यात वळते होतात. पण तोवर ते अडकून राहतात. चौघांनी पाठवले तर अडकलेली रक्कम दीड कोटीच्या पुढे जाते. भूसंपादनाचा मोबदला आयकरमुक्त असला तरी टीसीएस चुकत नाही. एजंटच्या कोटेशनमध्ये ही ओळ असते का, ते विचारून पाहावं.

गेलेली जमीन परत घेता येईल का?

या सगळ्यात सर्वांत कमी बोललं जातं ते यावर. परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला भारतात फ्लॅट घेता येतो, दुकानाचा गाळा घेता येतो. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. आधीपासून नावावर असलेली जमीन ठेवता येते, वारसाहक्काने आलेलीही ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही.

म्हणजे वडिलांनी चार एकर विकून मुलाला ग्रीन कार्ड मिळवून दिलं, तर दहा वर्षांनी तो मुलगा डॉलर घेऊन आला तरी तेच चार एकर स्वतःच्या नावावर विकत घेऊ शकणार नाही. धंदा बसला नाही आणि तो कायमचा परत आला, तरी महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, ही कूळकायद्याच्या कलम ६३ ची अट आहेच. घरातली सगळी जमीन विकून झाली असेल तर तो दाखला आणायचा कुठून? जमिनीचा एखादा तुकडा आई-वडिलांच्या नावावर राहू दिला तर तो पुढे वारसाने मुलाकडे जाऊ शकतो, मुलगा कुठल्याही देशात असो. इतका साधा फरक खरेदीखतावर सही करण्याआधी वकिलाला विचारला तर पाच मिनिटांत कळतो.

नोकरीसाठी परदेशी माणसं पाठवणाऱ्या एजंटांना १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली केंद्राची नोंदणी लागते. गुंतवणूकदार व्हिसाचा सल्लागार नोकरी लावून देत नाही, त्यामुळे तो त्या नोंदणीत येत नाही. भिंतीवर लावलेलं ‘सरकारमान्य’ कशाचं आहे, ते त्यालाच विचारावं लागतं. कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या महाविद्यालयाचा, म्हणजे ‘कॉलेज’ नावाच्या नियामक संस्थेचा, परवानाधारक किंवा तिथला वकील असावा लागतो. ही यादी इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. अमेरिकेचा वकील कोणत्या राज्याच्या बारमध्ये नोंदलेला आहे, तेही तपासता येतं.

येत्या काळात घाई करणाऱ्या जाहिराती वाढणार आहेत, आणि त्यातल्या तारखा खऱ्या असतील. ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या ईबी-५ अर्जांना, पुढे योजना बंद पडली तरी, संरक्षण देण्याची तरतूद कायद्यात आहे. १ जानेवारी २०२७ पासून गुंतवणुकीची किमान रक्कम महागाईनुसार वाढवायची, हेही कायद्यातच लिहिलं आहे. पण वाटणी, हक्कसोड, फेरफार आणि तीन-चार जणांचे रिटर्न एवढं सगळं व्हायला लागणारा वेळ त्या तारखा पाहून कमी होत नाही.