फाटे फोडणे सोपे

ठाण्याहून गाडीने पुढे निघालात की डोंबिवली मागे पडते आणि कल्याण येते. तेथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. गाडी फाट्यावर वळवणे तसे सोपे. पण दोन्हीकडून मुंबईकडे येणाऱ्या गाड्या एकाच रुळांवर आणायच्या, तर कोणी थांबायचे आणि कोणी आधी जायचे हे ठरवावे लागते. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढेही असाच प्रश्न रोज उभा राहतो, आणि माझ्या मते त्यांतले बरेच जण तो फार उशिरा हाती घेतात.

मोठी आज्ञावली एकटा माणूस लिहीत नाही. दहा-वीस जण मिळून लिहितात. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. अशी एक व्यवस्था १९७२ सालीच अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाली होती. आज जिकडेतिकडे दिसते ती 'गिट'. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये लिहिली. हिच्यात मूळ आज्ञावलीला धक्का न लावता बाजूला आपला फाटा काढता येतो. त्याला 'ब्रँच' म्हणतात. गिटमध्ये ही ब्रँच म्हणजे काय असते, ठाऊक आहे? साधारणतः ४० अक्षरांची एक खूण, बस्स! म्हणून ती क्षणात निघते. आणि फुकटची वस्तू माणूस जपून वापरत नाही.

खरी गंमत फाटा परत जोडताना, म्हणजे 'मर्ज' करताना असते. यंत्र तीन प्रती समोर ठेवते: फाटा फुटला तेव्हाची मूळ प्रत आणि दोन्हीकडच्या आजच्या प्रती. एखादी ओळ एकाच बाजूने बदलली असेल, तर तो बदल ते स्वीकारते. दोन्ही बाजूंनी तीच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर मात्र हात वर करते. हा झाला 'कॉन्फ्लिक्ट'. नवशिके त्याला घाबरतात. मला तो यंत्राचा प्रामाणिकपणा वाटतो. भ्यायचे ते यंत्र गप्प बसते तेव्हा!

समजा, ठाण्याची एक विद्यार्थिनी आणि तिचा डोंबिवलीचा मित्र गाड्यांची माहिती देणारी आज्ञावली लिहीत आहेत. तिचा एक भाग मुंबईपासूनची अंतरे किलोमीटरमध्ये सांगतो: ठाणे सुमारे ३४, कल्याण सुमारे ५४. मुलीने आपल्या फाट्यावर तो भाग मीटरमध्ये उत्तर देईल असा बदलला, आणि जेथे जेथे त्याचा वापर होत होता तेथे दुरुस्तीही केली. त्याच महिन्यात मुलाने आपल्या फाट्यावर तोच भाग वापरून एक नवे पान लिहिले, पण किलोमीटर गृहीत धरून. दोघांनी एकाच ओळीला हात लावलेला नाही. यंत्र म्हणते, सारे ठीक! आणि पडद्यावर झळकते: कल्याण, ५४,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा घालूनही कल्याण येणार नाही. ओळी जुळल्या, अर्थ जुळला नाही.

चूक कोणाची? मी तरी दोघांनाही दोष देणार नाही. दोष मधल्या महिन्याचा. हे बदल दुसऱ्याच दिवशी एकत्र आले असते, तर गफलत तेव्हाच हाती लागली असती. म्हणून माझे म्हणणे असे, की कामाचा फाटा एक-दोन दिवसांपेक्षा जास्त जगू देऊ नये, आणि जोडल्यावर लगेच चाचणी घ्यावी. यावर विचारतात, अर्धवट काम मुख्य मार्गावर कसे आणायचे? शंका रास्त आहे. पण कामाचे लहान तुकडे पाडता येतात, आणि अपुरा तुकडा मुख्य मार्गात असूनही बंद ठेवता येतो. कंटाळवाणे आहे, हे कबूल.

लोकांच्या वापरात असलेल्या जुन्या आवृत्तीसाठी मात्र वेगळा फाटा कधी कधी वर्षानुवर्षे राखावा लागतो. तेथला खड्डा निराळा. चूक त्या फाट्यावर दुरुस्त होते, मुख्य मार्गावर राहून जाते, आणि नव्या आवृत्तीत पुन्हा हजर!

फाटे शतकानुशतके वेगळे राहिले तर काय होते, हे पाहायचे असेल तर पुण्याला चला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले. एकाच ग्रंथाच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या पोथ्या, त्याही शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्यांतल्या. एकूण १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते. वेगळेपणा एक वेळ समजून घेता येतो. अधिक घोटाळा केला होता एका परंपरेची पोथी उतरवताना दुसरीतला मजकूर गुपचूप मिसळणाऱ्या लेखनिकांनी. कारण त्यामुळे कोणता फाटा कोठून निघाला, हेच धड ओळखता येईना. सुकथनकर १९४३ मध्ये वारले. काम पुरे व्हायला १९६६ साल उजाडले.